करणाऱ्याचं नाव गिळणारं जाळं

एका राज्यात डोंगराच्या ओटीत एक तलाव होता. तलावाखाली निळेपेठ नावाचं गाव होतं, आणि निळेपेठेच्या खाली, नदीच्या वळणावर, राजाची नगरी होती. निळेपेठेत रंगारी राहत. ते कापड निळीत बुडवत, दोऱ्यांवर वाळत घालत, आणि वारा सुटला की सगळं गाव उडायला निघाल्यासारखं दिसे.

त्या राज्याचा राजा उदयसेन. राजा वाईट नाही, असं लोक म्हणत. त्याला फक्त 'नाही' ऐकायची सवय नव्हती.

राजाला कनकलेखा नावाची धाकटी बहीण होती. तिच्या जन्माच्या वेळी राणी गेली, तेव्हा निळेपेठेच्या गोजाई रंगारणीने तिला आपल्या दुधावर वाढवलं. गोजाईची लेक साळू आणि राजकन्या कनकलेखा एकाच मांडीवर झोपल्या, एकाच ताटात जेवल्या. पुढे राजकन्या वयात आली आणि शिकायला डोंगरापलीकडे आजोळी गेली. तिकडे तिची बरीच वर्षं गेली.

एके दिवशी राजाचा निरोप आला. 'नदीकाठी मी जलमहाल बांधला आहे. त्यात शंभर कारंजी आहेत. सोहळ्याला ये.'

कनकलेखा निघाली. खिंडीत आल्यावर तिने घोडा थांबवला आणि खाली पाहिलं. तलावाच्या जागी चिखलाचं ताट होतं. बांधाला मधोमध भगदाड पडलं होतं. निळेपेठ जिथे असायची तिथे काहीच नव्हतं. झाडांच्या शेंड्यांना निळ्या चिंध्या अडकल्या होत्या, तेवढ्याच.

नगरीच्या वेशीवर तिने द्वारपालाला विचारलं, "काय झालं?"

"तलाव फुटला, आक्कासाहेब."

"बांध एवढा रुंद की त्यावरून दोन गाड्या शेजारी शेजारी जात. फोडला कोणी?"

द्वारपालाने तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, पण आवाज आला नाही. मग तो मान खाली घालून म्हणाला, "फुटला, आक्कासाहेब."

बाजारात तिने फुलवालीला विचारलं. फुलवाली म्हणाली, "फुटला." देवळाच्या पायरीवर तिने पुजाऱ्याला विचारलं. पुजारी म्हणाला, "फुटला." आणि प्रत्येकाच्या तोंडाशी काहीतरी येऊन विरत होतं, हे तिला दिसलं.

राजवाड्यासमोरच्या चौकात तिला निळेपेठेचे वाचलेले लोक दिसले. अंगावर चिखल, हातात काठ्या. त्यांना राजाला भेटायचं होतं. सज्जात राजा आला नाही. शंबर आला.

शंबर हा राजाचा वाक्पाल. राजाच्या तोंडून निघायचं ते प्रत्येक वचन आधी शंबर घडवी. तो मांत्रिक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या हातात कधी कोणी कवटी किंवा लिंबू पाहिलं नव्हतं. त्याला त्यांची गरज पडत नसे.

"निळेपेठकर हो," शंबर हळू म्हणाला, म्हणून सगळे गप्प झाले. "तलाव फुटला. मोठं दुःख झालं. माणसं गेली, घरं गेली, पण नगरी वाचली."

गर्दीत कुजबुज झाली. नगरी वाचली. नगरी वाचली खरी.

एक म्हातारा पुढे झाला. "नगरी वाचली, पण माणसं गेली ना, महाराज."

"होय बाबा," शंबर म्हणाला. "माणसं गेली. पण नगरी वाचली."

दोघांचे शब्द तेच होते. पण म्हाताऱ्याचं वाक्य माणसांवर येऊन थांबे आणि शंबराचं नगरीवर, आणि शंबराचा आवाज मोठ्या सज्जातून येत होता. लोकांच्या काठ्या खाली आल्या. 'पण'च्या अलीकडचं सगळं चौकात सांडलं, पलीकडचं तेवढं घेऊन लोक धर्मशाळेकडे वळले. कनकलेखा ते बघत उभी राहिली, आणि रागाने तिचे कान तापले.

संध्याकाळी ती भावाशेजारी जेवायला बसली.

"दादा, बांध कसा फुटला?"

"पाणी वाढलं होतं, कनक."

"पाणी वाढलं की सांडवा उघडतात."

"उघडला गेला नसेल."

"गोजाई कुठे आहे?"

राजाने ताटातला घास चिवडला. "ती गेली."

कनकलेखेला म्हणायचं होतं की हे सगळं शंबराने केलं. तिने ते नाव जिभेवर घेतलं, आणि त्याला 'ने' जोडताच ते पाण्यातल्या खडीसाखरेसारखं विरघळलं. तोंडात नुसती लाळ उरली. तिने पुन्हा प्रयत्न केला. 'शंबराकडून', 'शंबराच्या हातून', तेही विरघळलं. राज्याची हवा तिलाही लागली होती.

झालं होतं ते असं. पूर ओसरल्यावर शंबराने बुडालेल्या माणसांच्या अंगावरचे निळे कपडे गोळा केले, त्यांचे धागे उसवले आणि त्या धाग्यांचं एक जाळं विणून मंतरलं. त्या दिवसापासून राज्यात जे जे घडून गेलं, त्याच्या शेजारी ते करणाऱ्याचं नाव बसेना. 'ने' जाळ्यात सापडला, आणि त्याच्या मागोमाग 'कडून' आणि 'हातून' हेही सापडले. बैल चोरीला जाई, चोर नसे. डोकं फुटे, फोडणारा नसे. आणि नुसत्या वाईटाचंच असं झालं नाही. पोर शेजारणीला सांगे, 'भाकरी मिळाली'. आईने दिली, असं त्याला म्हणता येत नसे.

सकाळी कनकलेखा एकटीच फुटलेल्या बांधावर गेली. तिथे चिखलात एक बाई उकरत होती. हाताला लागेल ते वर काढून बघत होती आणि बाजूला ठेवत होती. एक उलथणं. एक लाकडी ठसा. ती साळू होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग साळू म्हणाली, "आई गेली, आक्कासाहेब. आणि माझं पोर गेलं."

कनकलेखा तिच्याजवळ चिखलात बसली.

"गेलं म्हणतात," साळू म्हणाली. "कुठं गेलं? जत्रेला गेलं? पोर बुडालं म्हणतात. पोर सापडलं नाही म्हणतात. बघा, ह्या सगळ्या बोलण्यात करणारं कोण, तर माझं पोर. तेच बुडालं, तेच गेलं, तेच सापडलं नाही. जणू सगळा खटाटोप त्याचाच. चार वर्षांचं होतं ते." तिने हातातला गाळ झटकला. "माझं दुःख मी सोसीन. पण हे असलं बोलणं मला सोसत नाही."

बांधावरच्या उंबरात एक धनेश पक्षी बसला होता. त्याची चोच पिवळी आणि डोळे माणसासारखे होते. तो म्हणाला, "मी सगळं पाहिलं."

"मग सांग," कनकलेखा म्हणाली.

"त्याचं नाव माझ्या जिभेवर टिकत नाही. शंबराचं निळ्या धाग्यांचं जाळं असली नावं गिळतं. दाखवतो." पक्षी उडाला, भगदाडाच्या तोंडाशी उतरला आणि चोचीने गाळ उलथू लागला. गाळातून एक चांदीची कुदळ निघाली. तिच्या दांड्यावर राजचिन्ह होतं. राज्यातल्या प्रत्येक नव्या बांधकामाचा पहिला घाव त्या कुदळीचा असे, आणि राजावाचून दुसरं कोणी ती हातात धरत नसे.

कनकलेखेने कुदळ ओळखली. लहानपणी ती जड कुदळ उचलायचा हट्ट तिने धरला होता, तेव्हा भावाने तिच्या हातांखाली आपले हात दिले होते.

"जाळं कुठे आहे?" तिने विचारलं.

"काळ्या सुळक्याच्या गुहेत," धनेश म्हणाला. "वाटेत तीन अडवणारे आहेत. पहिली नदी. ती बोलणं अर्धंच ऐकते, शेवटचं अर्धं. दुसरी खिंडीतली यक्षीण. तिला एकच शब्द येतो. तिसरी नागीण. ती जाळ्यावर बसते."

"मी येते," साळू म्हणाली.

दोघी निघाल्या. धनेश पुढे पुढे उडत होता.

दुपारी त्या नदीपाशी पोचल्या. पाणी काळं होतं आणि काठाला होडी नव्हती. कनकलेखेने हात जोडले. "माते, आम्हाला पलीकडे जायचं आहे, पण पाणी खोल आहे."

नदीने ऐकलं, आणि पाणी आणखी खोल झालं. काठ तुटून त्यांच्या पायाशी आला.

"अर्धंच ऐकते," वरून धनेश म्हणाला.

कनकलेखा थांबली. चौकातला सज्जा तिच्या डोळ्यांपुढे आला. शंबर खोटं बोलला नव्हता, एक शब्दही नाही. त्याने दोन खऱ्या गोष्टी घेतल्या आणि जी विसरायला लावायची ती आधी ठेवली. इतकं सोपं होतं ते. एवढ्यावर त्याने माणसांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं होतं.

"माते," ती म्हणाली, "पाणी खोल आहे, पण आम्हाला पलीकडे जायचं आहे."

नदी ओसरली. दोघी घोट्याएवढ्या पाण्यातून पार झाल्या.

पुढे खिंड होती. खिंडीच्या तोंडाशी दगडाची यक्षीण मांडी ठोकून बसली होती. तिच्या मांड्यांमधूनच वाट जात होती.

"वाट अडली," कनकलेखा म्हणाली.

"कोण?" यक्षीण म्हणाली, आणि मांड्या जवळ आल्या.

"आम्हाला जायचं आहे. राज्यात अन्याय झाला."

"कोण?"

"गाव बुडालं. माणसं मेली."

"कोण?" मांड्या आणखी जवळ आल्या. आता वाटेतून मांजरही गेलं नसतं.

कनकलेखेने नाव घ्यायचा प्रयत्न केला. ते विरघळलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा साळू तिच्या पुढे झाली. ती यक्षिणीच्या दगडी डोळ्यांत बघत राहिली आणि सावकाश बोलू लागली.

"मी. पाणी आलं तेव्हा पोर माझ्या हाताशी होतं. आई माजघरात अडकली होती. मी पोराला कट्ट्यावर उभं केलं आणि त्याचा हात सोडला. मी सोडला. आईला बाहेर ओढायला गेले. दोघंही गेली." ती थांबली. "रोज मी म्हणत होते, हात सुटला. सुटला नाही. मी सोडला."

यक्षिणीच्या दगडी गालावरून पाणी ओघळलं. तिला एकच शब्द येत होता, म्हणून तिने तोच म्हटला, पण या वेळी वेगळ्या आवाजात. "कोण?" आणि मान बांधाकडे वळवली.

तिचं म्हणणं दोघींना कळलं. हात तुझा होता. पाणी कोणाचं होतं?

मांड्या दूर झाल्या. वाट मोकळी झाली.

चालता चालता कनकलेखा एकदम थबकली. "साळू, तू आत्ता बोललीस. करणाऱ्यासकट बोललीस."

"माझंच बोलले."

"तेच म्हणते मी. 'मी' ला 'ने' लागत नाही. मी केलं, मी सोडला. 'तू' लाही लागत नाही. तू केलंस. तुम्ही केलंत. हे शब्द जाळ्यात अडकलेच नाहीत, साळू. ते सगळ्यांच्या तोंडात होते."

साळू विचार करत राहिली. "मग लोक गप्प का?"

"कारण 'तुम्ही केलंत' हे त्या माणसासमोर उभं राहून म्हणावं लागतं. आणि 'मी केलं' हे म्हणायला..." तिने वाक्य सोडून दिलं. तिचा भाऊ तिला आठवला होता.

शंबराला ही भोकं दिसली नव्हती असं नाही. ती बुजवायची गरज त्याला वाटली नव्हती. भीती ती भोकं बुजवील हे त्याला ठाऊक होतं.

काळ्या सुळक्याच्या गुहेत जाळं टांगलेलं होतं. निळं, ओलं, आणि आत असंख्य पाकोळ्यांसारखं काहीतरी फडफडत होतं. जाळ्यावर नागीण वेटोळं घालून बसली होती. तिच्या फण्यावर मणी होता, आणि गुहेच्या भुईवर सोन्याचा ढीग होता. ते धन शापित होतं. त्याला हात लावणाऱ्यांची हाडं तिथेच पडली होती, म्हणून दोघींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"जाळं सोड," कनकलेखा म्हणाली.

"ते माझ्या हाती नाही," नागीण म्हणाली. "ज्या माणसाला वाचवायला हे विणलं गेलं, त्याचाच 'मी' ह्याची गाठ सोडील. तुझ्या भावाचा."

"तो म्हणणार नाही."

"नाहीच म्हणणार. म्हणून तुला दुसरी वाट देते. हा मणी जिभेखाली ठेव. मग तू कोणाचंही नाव कोणत्याही कामाला जोडशील, ते बसेल, आणि ऐकणाऱ्याला खरं वाटेल. भर दरबारात म्हण की शंबराने तलाव फोडला. लोक त्याला फाडून खातील. तुझा भाऊ वाचेल. निळेपेठेचं समाधान होईल. राज्य शांत होईल."

गुहेत फडफड तेवढी ऐकू येत होती. कनकलेखेने साळूकडे पाहिलं.

"तुमचा भाऊ आहे," साळू म्हणाली. "मी काही बोलत नाही."

पाठ फिरवून ती गुहेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, म्हणजे राजकन्येला आपला चेहरा दिसू नये.

कनकलेखेने मणी हातात घेतला. तो उबदार होता. शंबर दोषी होता, यात शंका नव्हती. लोकांना तो आवडत नव्हता. वाक्य तर आयतं तयार होतं, कर्ता, कर्म आणि क्रियापद, सगळं आपापल्या जागी. फक्त ते खोटं होतं. आणि साळू पुढची सगळी वर्षं ते खरं मानून जगली असती.

तिने मणी सोन्याच्या ढिगात फेकला.

"जाळं मी घेऊन जाते," ती म्हणाली.

"ने," नागीण म्हणाली आणि बाजूला सरली.

जलमहालाच्या सोहळ्याचा दिवस उजाडला. उन्हात कारंजी उडत होती, तुताऱ्या वाजत होत्या, दरबार भरला होता. निळेपेठेच्या लोकांना मांडवाच्या मागच्या टोकाला बसवलं होतं. शंबर नुकताच बोलून संपला होता. 'पाणी आलं, दुःख झालं, पण जलमहाल उभा राहिला,' अशा अर्थाचं काहीतरी, आणि ऐकायला ते गोड होतं.

कनकलेखा मधल्या वाटेने चालत आली. तिच्या साडीला चिखल होता. मागून साळू येत होती, तिच्या खांद्यावर जाळं होतं. राजकन्येने ते उचलून सिंहासनासमोर, भावाच्या पायांशी टाकलं. मग ताठ उभी राहिली.

"दादा, तू तलाव फोडलास."

तुताऱ्या थांबल्या. त्या दरबारात कित्येक दिवसांत कोणी असं वाक्य ऐकलं नव्हतं.

शंबर हसला. "राजकन्येचं मन दुखावलं आहे. दुःखात असं बोललं जातं."

"बोललं जात नाही," कनकलेखा म्हणाली. "मी बोलते."

साळू पुढे झाली. तिचा आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "महाराज, तुम्ही तलाव फोडलात. माझ्या आईला तुम्ही बुडवलंत. माझ्या पोराला तुम्ही बुडवलंत."

मागच्या टोकाला एक रंगारी उठला. चालत पुढे आला, राजासमोर उभा राहिला. "तुम्ही माझ्या भावाला बुडवलंत." त्याच्या मागे एक म्हातारी. "तुम्ही माझं घर नेलंत, महाराज, आणि घरात माणसं होती." मग आणखी एक, मग आणखी. कोणी ओरडलं नाही. प्रत्येकजण राजाच्या डोळ्यांत बघून आपलं वाक्य म्हणे आणि बाजूला उभा राही. पहारेकऱ्यांचे हात भाल्यांवर होते, पण भाले हलले नाहीत.

उदयसेन उठून उभा राहिला. "दुर्दैव ओढवलं," तो म्हणाला.

पायाशी पडलेलं जाळं हललं आणि त्याच्या घोट्यांभोवती आवळलं.

"चूक झाली," राजा म्हणाला.

जाळं गुडघ्यांवर चढलं.

"एक निर्णय घेतला गेला, आणि त्याचे परिणाम झाले."

जाळं छातीपर्यंत आलं. ओले निळे धागे त्याच्या जरीच्या अंगरख्यात रुतले.

शंबर त्याच्या कानाशी वाकला. "अजून एक वाक्य आहे, महाराज. फार सुंदर आहे. लोक रडतील. म्हणा माझ्यामागून." आणि तो कुजबुजू लागला.

राजाने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर साळूवर पडली. ती रडत नव्हती. शिव्याशाप देत नव्हती. ती नुसती वाट बघत उभी होती, जशी माणसं विहिरीवर आपल्या पाळीची वाट बघतात. राजाने हात वर करून शंबराला गप्प केलं.

"तुझ्या मुलाचं नाव काय होतं?"

"भिवा."

जाळं गळ्याशी आलं होतं.

"मी भिवाला बुडवलं," उदयसेन म्हणाला. त्याचा आवाज फुटला, मग सावरला. "महालाची कारंजी उडत नव्हती, पाणी कमी पडत होतं. बांधावरचे पाथरवट माझ्या पाया पडले. तलाव भरलेला असताना बांध कापला तर निळेपेठ जाईल, हे मला माहीत होतं. शंबराचे शब्द होते, 'गाव भिजेल, पण महाल शोभेल.' मला ते ऐकायला बरं वाटलं. मी कुदळ उचलली. पहिला घाव मी घातला. मी तलाव फोडला."

जाळ्याची गाठ सुटली. धागे गळून पडले, आणि आतून त्या पाकोळ्या बाहेर आल्या. त्या मांडवावरून, नगरीवरून, शेतांवरून गेल्या आणि प्रत्येकाच्या ओठांवर क्षणभर टेकल्या. मांडवात गलका उठला. कोणी म्हणालं, "राजाने." कोणी म्हणालं, "शंबराने." एक लहान मुलगी कारण नसताना "आईने, आईने, आईने," असं म्हणत नाचू लागली.

जलमहालाच्या एका पहारेकऱ्यासमोर एक रंगारी येऊन उभा राहिला आणि त्याने त्याचा हात धरला. "ह्याने," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पाणी आलं तेव्हा ह्याने बांधाजवळची चौकी सोडली आणि माझ्या दोन्ही लेकींना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. मला सांगायचं होतं. सांगता येत नव्हतं." पहारेकरी खाली बघत राहिला. शंबराच्या जाळ्याने त्याचं नावही गिळलं होतं. चोरांना झाकायला विणलेल्या जाळ्यात असली माणसंही झाकली गेली होती, आणि याचा राग लोकांना जास्त आला.

न्याय निळेपेठेने केला. उदयसेनाने मुकुट उतरवून ठेवला. त्याने पाथरवटांच्या हाताखाली नव्या बांधाचे दगड वाहायचे, असं ठरलं, आणि त्याने ते वाहिले. कारंजी बंद झाली आणि त्यांचं पाणी शेतांना गेलं. कनकलेखेला गादी नको होती, पण लोकांनी तिला बसवलं. तिने वाक्पालाची जागाच मोडून टाकली. तेव्हापासून त्या राज्यात दवंडी पिटताना, काम चांगलं असो की वाईट, आधी करणाऱ्याचं नाव घेत.

शंबराला लोकांनी हद्दीपार हाकललं. तो उपाशी मेला नसावा. त्याच्या धंद्याला कुठल्याही दरबारात गिऱ्हाईक मिळतं.

निळेपेठ पुन्हा वसली, थोड्या उंचावर. वाऱ्याच्या दिवशी दोऱ्यांवर कापड उडू लागलं. साळूने आईची भट्टी पुन्हा पेटवली. उदयसेन दगड घेऊन तिच्या दारावरून रोज जाई. ती कधी त्याच्याकडे बघे, कधी बघत नसे.

त्या राज्यातले काही लोक सांगतात की पुढे क्षमा झाली. झाली नाही. साळूने केली नाही, आणि तिने ती करावी असं तिला कोणी म्हटलं नाही.